ओवाळणी नव्हे, वाटा!

‘सरकारने नवा कायदा केला,’ असे आपण सहज बोलून जातो. लोकलगाडीत बोलतो, जेवणाच्या पंगतीत बोलतो, आणि सकाळच्या वर्तमानपत्राची घडी घालताना तर हमखास बोलतो. पण वाचकहो, हे वाक्य बरोबर नाही. सरकार मांडते ते विधेयक; कायदा करते ती संसद. साखरपुडा झाला म्हणजे लग्न लागले असे कोणी म्हणत नाही, मग विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला असे तरी का म्हणावे?

ऐन दिवाळीत हे रुक्ष पुराण कशाला, असे काहींना वाटेल. त्यांना मी एवढेच सांगेन, की आपल्या घरातल्या लेकीबाळींचा वाटा एका पोटकलमाने गेला होता, आणि ते पोटकलम नसलेल्या दुसऱ्या कायद्याने तो परत आला. ती हकिगत कळायची, तर आधी संसदेचे घर पाहिले पाहिजे.

राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा या तिघांची मिळून संसद होते. लोकसभेच्या जागा ५४३. त्यांपैकी महाराष्ट्राच्या ४८ आणि गोव्याच्या २. राज्यसभेच्या २४५, त्यांत महाराष्ट्राच्या १९, गोव्याची १, आणि १२ सभासद राष्ट्रपतींनी नेमलेले. लोकसभेची मुदत पाच वर्षांची. राज्यसभा मात्र कधीच विसर्जित होत नाही. तिचे एकतृतीयांश सभासद दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. घरात वडील माणूस कायम असावे, तशी तिची योजना आहे.

आता लेकींकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल पुढे रेटले. ते रखडले, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यांतला वारसाहक्काचा कायदा १९५६ चा. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा त्याने दिला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मतःच हिस्सेदार होता, तशी मुलगी मात्र झाली नाही.

वारसा हा विषय केंद्र आणि राज्य या दोघांच्याही अखत्यारीतला. म्हणून महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला. फार चांगले झाले. पण त्यात एक पोटकलम होते. हा कायदा अमलात येण्यापूर्वी, म्हणजे २२ जून १९९४ पूर्वी, जिचे लग्न झाले असेल तिला तो लागू नाही! समजा, एका घरात दोन बहिणी. थोरलीचे लग्न १९९३ च्या वैशाखात झाले, धाकटीचे १९९५ च्या. एकाच आईबापाच्या मुली. पण धाकटी हिस्सेदार आणि थोरली नाही. दोष काय, तर तिचे लग्न वेळेवर जमले!

केंद्राच्या दुरुस्तीचे विधेयक २० डिसेंबर २००४ रोजी राज्यसभेत मांडले गेले. मांडणे हे पहिले वाचन. त्यात वादविवाद बहुधा होत नाही. पण त्या तारखेलाही किती किंमत असते पाहा: त्या दिवसापूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना धक्का लागणार नाही, असे पुढे कायद्यातच लिहिले गेले. मग विधेयक गेले स्थायी समितीकडे. अशा समित्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सभासद असतात. तिथे बाके वाजत नाहीत. जाणकारांना बोलावतात, आणि पुष्कळदा जाहिरात देऊन सामान्य नागरिकांच्याही लेखी सूचना मागवतात. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, एवढेच उणे.

त्यानंतर दुसरे वाचन. आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, मग एकेक कलम घेऊन त्यावर मते घेतात. वर सांगितलेले पोटकलम असते ते याच ठिकाणी. आणि गंमत अशी, की तत्त्वावरच्या भाषणांना मथळे मिळतात आणि कलमांच्या वेळी बाके रिकामी पडतात. गणपूर्तीला एकदशांश सभासद पुरतात. म्हणजे लोकसभेत ५५! शेवटी तिसरे वाचन: संपूर्ण विधेयकाला ‘हो’ किंवा ‘नाही’.

राज्यसभेने १६ ऑगस्ट २००५ ला, लोकसभेने २९ ऑगस्टला मान्यता दिली. राष्ट्रपतींची संमती मिळून ९ सप्टेंबरपासून कायदा अमलात आला. त्यात लग्नाच्या तारखेची ती अट नव्हती. थोरलीही हिस्सेदार झाली. तरी कज्जे चाललेच. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा हक्क जन्माने मिळतो. कायदा अमलात आला त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही.

दोन्ही सभागृहांचे पटले नाही तर? मग राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. असे प्रसंग तीनदाच आले: १९६१, १९७८ आणि २००२. पहिला प्रसंग होता हुंडाबंदीच्या विधेयकाचा. म्हणजे तोही आपल्या माजघरातलाच! अर्थविधेयकाला मात्र ही सोय लागत नाही. ते राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते. घटनादुरुस्तीला संयुक्त बैठक चालतच नाही. तिथे दोन्ही सभागृहांची वेगवेगळी आणि विशेष बहुमताची संमती लागते.

एवढ्या पायऱ्या कशासाठी, असे उतावळ्या माणसाला वाटते. पण पायरी गाळली की ठेच लागते. २०२० चे तीन शेतीविषयक कायदे समितीकडे न जाता संमत झाले. शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते कायदे रद्द करण्याचे विधेयकही चर्चेवाचूनच संमत झाले. ते कायदे चांगले होते की वाईट, हा वाद मी इथे घालीत नाही. पण ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न, त्यांचे म्हणणे आधी ऐकायचे की मागून, याचे उत्तर शहाण्या घरातसुद्धा एकच असते.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या खासदारांना रस्ता, पाणी आणि गाडीचा थांबा यांबद्दल विचारतो तसे एकदा हेही विचारावे: ‘अमुक विधेयक समितीकडे गेले का? कलमांवर मते घेतली तेव्हा आपण सभागृहात होता का?’ समितीने सूचना मागवल्या, तर चार ओळी लिहून पाठवाव्या. त्याला वकील लागत नाही.

आणि या भाऊबीजेला बहीण ओवाळील तेव्हा ताटात ओवाळणी जरूर घाला. पण ती भावाच्या खुशीची. वाटा हा तिच्या हक्काचा. एकीच्या नावाखाली दुसरा बुडवू नये. सातबाऱ्यावर तिचे नाव आहे का, तेवढे फराळ आटोपल्यावर पाहून घ्या!