साइडपट्टी

परवा हापिसात लोणार ट्रिपचे फोटो दाखवत होतो. शनिवारी पहाटे जालन्याहून सायकलवर निघालो ते सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी, सुलतानपूर करत अंधार पडता पडता लोणार. ऑक्टोबरचं ऊन, तोंडावर वारा, दोन पंक्चर. "कसला स्टॅमिना आहे यार तुझा!" वगैरे कौतुक झालं. मीही करून घेतलं. घरी आल्यावर मात्र जरा लाज वाटली. त्या दिवशी जे खरंच कठीण होतं त्याचा माझ्या स्टॅमिनाशी काडीचा संबंध नव्हता.

कठीण होती ती साइडपट्टी.

म्हणजे डांबर संपल्यावर जी मुरमाची पट्टी असते ना, ती. गाडीतून जाताना ती कधी दिसत नाही. मलाही इतकी वर्षं दिसली नव्हती. जवळचा म्हणून मधे एक आडरस्ता धरला. एका ट्रकपुरतं डांबर. अशा एकेरी रस्त्याची प्रमाणित रुंदी पावणेचार मीटर. मागून ट्रक आला की खाली कोणी उतरायचं, हे सांगायला नकोच. पण उतरणार कुठे? डांबराची कड आणि खालचा मुरूम यांत चांगली वीतभर पायरी.

ही पायरी येते कुठून? काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो. रस्ता दोन-तीन बोटं वर येतो, साइडपट्टी आहे तिथेच राहते. पुढच्या खेपेला आणखी एक थर. पावसाळ्यात कडेचा मुरूम वाहून जातो. प्रत्येक 'सुधारणे'नंतर पायरी वाढते! आपल्याकडे असा कोड कोणी चेक-इन केला तर लीड त्याला उभा सोलेल. इथे त्याचं उद्घाटन होतं.

तर अशा पायरीवरून मी चालत्या सायकलीने खाली उतरलो आणि आडवा झालो. कोपर सोललं. शनिवारची सकाळची शाळा सुटलेली होती, दोन मुली सायकलवरून येत होत्या. थांबल्या. त्यातली मोठी म्हणाली, "दादा, चालू सायकल खाली काहून उतरवली? गाडी आली की आधी थांबायचं, पाय टेकायचा, मग उतरायचं. नाही तं पडतेच माणूस."

विचारलं, किती वर्षं येतेस या रस्त्याने? "आठवीपासून. आता दहावी." एवढं शहाणपण यायला तिने किती वेळा गुडघे फोडून घेतले असतील, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आता गंमत पहा. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. चांगली योजना आहे, मनापासून सांगतो. पण सायकल द्यायची आणि ती चालवायला हातभर जागा द्यायची नाही, हा काय प्रकार आहे? थोडं पुढे गेल्यावर मी समृद्धी महामार्गाच्या पुलाखालून गेलो. ७०१ किलोमीटर, सहा लेन, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. त्यावर सायकलला बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे. पण वरच्या रस्त्यावर सायकल चालत नाही म्हणताना ती खाली कुठे चालेल, हे बघणं कोणाचं तरी काम असेलच ना?

लगेच कोणी म्हणेल, "खेड्यात आता सायकल कोण चालवतं? घरोघरी मोटरसायकल आहे." बरं. मग तिन्हीसांजेला त्याच पायरीवरून मोटरसायकल उतरवून बघा, मागे बायको आणि टाकीवर पोरगं बसवून. चालत शाळेत जाणारी पोरं, बैलगाडी, सोयाबीनचं ट्रॅक्टर चुकवणारा म्हातारा, सगळे त्याच पट्टीचे मालक आहेत.

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे मी काही पुण्यासारखे रंगीत सायकल ट्रॅक मागत नाहीये (त्या ट्रॅकवर काय काय उभं असतं ते आपण जाणतोच :) ). मागणं एवढंच आहे की नवा थर चढवला की त्याच कामात मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून कड डांबराच्या बरोबरीला आणा. आणि ते होईपर्यंत काम पूर्ण झालं असं लिहू नका, बिल काढू नका. पट्टी घेऊन कडेची उंची मोजायला इंजिनियरच लागतो असंही नाही. ती दहावीतली मुलगी मोजून देईल.

आणि आपल्यासाठी एक. आपण वीकांताला महागड्या सायकली घेऊन अशा रस्त्यांवर जातो, पडतो, खरचटलेल्या कोपराचे फोटो टाकतो आणि त्याला ॲडव्हेंचर म्हणतो. मीही म्हणालो. सोमवारी सकाळी मी एसी बसमध्ये होतो आणि ती मुलगी पुन्हा त्याच कडेवर. यापुढे ट्रिपच्या फोटोंत एक फोटो कडेचा काढा. शेजारी पाण्याची बाटली उभी ठेवा, म्हणजे उंची कळेल. गावाचं नाव आणि तारीख लिहा आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना पाठवा. मी कालच पहिला पाठवला.

उत्तर आलं तर सांगतोच.