वाहनाची वहाण

गोंदियाहून एका वाचक कुटुंबाचे पत्र आम्हांस आले आहे. घर तीन पिढ्यांचे, एकत्र नांदणारे. नातवाने आपल्या पहिल्या दोन वर्षांच्या मिळकतीतून उंच बांध्याची, सडक आणि आडवाट दोन्हींवर चालावी अशी, 'ॲडव्हेंचर' ह्या नावाने विकली जाणारी मोटारसायकल घेतली. पुढे टायर झिजत आले, तेव्हा त्याने मोठमोठ्या ठोकळ्यांचे, हिमालयाच्या चित्रांतून दिसतात तसले टायर घालण्याचे ठरविले. वडिलांचे म्हणणे, सडकेचे साधे टायर घालावेत. हा वाद चालला असतानाच गेल्या आषाढात, रोवणीच्या दिवसांत, मुलगा आईस सालेकसा तालुक्यातील तिच्या शाळेवर सोडावयास जात असता गाडी घसरली व आईच्या मनगटाचे हाड मोडले. आता हात बरा झाला आहे, शाळा पूर्ववत् सुरू आहे, आणि एस. टी. ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसल्यामुळे आईस त्याच गाडीवर बसावयाचे आहे. आजोबा विचारतात, "रबराच्या नक्षीवरून एवढा काथ्याकूट कशासाठी?" निवाडा आम्ही करावा अशी सर्वांची विनंती आहे.

आजोबांच्या प्रश्नापासूनच आरंभ करू. चालत्या मोटारसायकलीचा जमिनीशी संबंध दोनच ठिकाणी येतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी टेकणारा रबराचा भाग तळहाताएवढाच असतो. गाडी, चालक, मागे बसलेली माउली, तिची पुस्तकांची पिशवी, ह्या सर्वांचा भार, आवरणे आणि वळणे त्या दोन तळहातांवर अवलंबून असते. हवेच्या टायरचा जन्मही घरगुती काळजीतूनच झाला. १८४५ साली रॉबर्ट टॉमसन ह्याने अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीस बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून रबरी नळीत हवा भरून ती चाकांवर चढविली. तेव्हा टायरची चर्चा घरात होणे हे काही अनुचित नव्हे.

आता वादाच्या मुळाकडे वळू. डांबराच्या कोरड्या सडकेवर रबर खडीच्या बारीक खरबरीतपणात दबून धरते. तेथे जितके अधिक रबर टेकेल तितकी पकड चांगली. म्हणून सडकेच्या टायरवर रबराचा पृष्ठभाग अधिक आणि खाचा थोड्या असतात. त्या खाचांचे काम पावसाचे पाणी बाजूस लोटण्याचे. गिट्टीची गोष्ट उलट आहे. सुटी गिट्टी चाकाखाली गोट्यांप्रमाणे घरंगळते. तिच्यावर नुसते टेकून भागत नाही, तिच्यात रुतून कडेचा आधार घ्यावा लागतो. म्हणून तेथे ठोकळे उंच आणि त्यांमधील अंतर मोठे हवे. परंतु हेच उंच ठोकळे डांबरावर आले की, वळताना व आवरताना लवचिकपणे कलतात, रबर कमी टेकते, ओल्या सडकेवर गाडी थांबावयास अधिक अंतर लागते, आवाज होतो आणि टायर लवकर झिजतो. देवघरातले सोवळे नेसून कोणी बांधीत रोवणीस उतरत नाही, आणि चिखलाचे धोतर नेसून कोणी पूजेस बसत नाही. तोच न्याय येथे आहे. एक टायर दोन्ही कामे करील, पण दोन्ही पूर्णत्वाने करणार नाही.

विक्रेते ह्या तडजोडीस आकडे लावतात. कोणी टायर सत्तर-तीसचा म्हणतात, कोणी पन्नास-पन्नासचा. पहिला आकडा सडकेचा, दुसरा आडवाटेचा. हे आकडे कोणत्या सरकारी मापाने ठरलेले नाहीत. ते बनविणाऱ्याचा अभिप्राय सांगतात, इतकेच समजावे.

आकड्यापूर्वी आपली वाट पाहावी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याच्या आठ तालुक्यांत मार्गांचे निदान चार प्रकार भेटतात. देवरीवरून छत्तीसगडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ गुळगुळीत व वेगाचा आहे. तालुक्यांना जोडणाऱ्या डांबरी सडका पावसाळ्यानंतर ठिकठिकाणी उखडतात. दरेकसा, हाजरा धबधबा, कचारगड ह्या बाजूस किंवा इटियाडोह आणि नवेगावबांधच्या परिसरात मुरुमाचे व गिट्टीचे फाटे लागतात. आणि चौथा प्रकार शेतांमधील पांधणींचा. मुरूम कोरडा असता चांगला, पण भिजला म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर लालसर राडा धरतो. कन्हार जमिनीची काळी माती तर ठोकळ्यांमधील फटी भरून टाकते, आणि मग दातेरी टायरही गुळगुळीत होऊन बसतो. तेथे फटी जितक्या रुंद, तितकी माती फिरत्या चाकावरून लवकर सुटून पडते.

ह्या जिल्ह्यातील एक धोका मात्र मार्गांच्या यादीत येत नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर चिखल ओढून डांबरावर आणतात. पाऊस पडला की तो पातळ लेपासारखा पसरतो. पत्रावरून दिसते की, अपघात अशाच जागी झाला. त्या लेपावर उंच ठोकळ्यांच्या टायरने थोडी अधिक पकड दिली असती हे खरे. परंतु त्याच टायरने आधीच्या व नंतरच्या सर्व ओल्या डांबरावर कमी पकड दिली असती, हेही तितकेच खरे आहे. तेथे खरा उपाय चाकाखाली नाही. चिखल दिसताच वेग आधीच उतरवावा, गाडी सरळ ठेवावी, आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

आता निवड कशी करावी ते सांगतो. आठवडाभराचा हिशेब कागदावर मांडावा. कोणत्या सडकेवर किती किलोमीटर, केव्हा आणि मागे कोण बसते? पत्रात दिलेल्या तपशिलावरून ह्या गाडीचा बहुतेक प्रवास डांबरावर, मागे आई असताना होतो. गिट्टीचा प्रवास रविवारचा व एकट्याचा. शिवाय एकत्र कुटुंबात गाडी एकाची असली तरी किल्ली खुंटीवर असते. काका बाजारास नेतात, धाकटी बहीण कॉलेजात नेते. म्हणून जो सर्वांत कमी सरावलेला चालवील आणि जो सर्वांत परस्वाधीन होऊन मागे बसेल, त्या दोघांच्या हिताने टायर निवडावा.

टायरच्या बाजूवरील अक्षरे वाचावयास शिकावे. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफील्डच्या हिमालयन गाडीच्या पुढल्या टायरवर ९०/९०-२१ असे माप असे. ह्यात पहिला आकडा रुंदीचा, ९० मिलिमीटर. दुसरा सांगतो की, उंची रुंदीच्या शेकडा ९०. तिसरा रिमचा व्यास, २१ इंच. मोठे पुढले चाक खड्ड्यात कमी उतरते, म्हणून आडवाटेच्या गाड्यांस ते देतात. चाकण येथे बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचर गाडीस मात्र २०२० साली पुढे १९ इंची चाक दिले होते, कारण तिचा कल सडकेकडे अधिक. मापाशेजारी ५४ एस असे लिहिले असेल, तर तो टायर २१२ किलोग्रॅम भार आणि ताशी १८० किलोमीटर वेग सोसतो असा अर्थ. वेगाचे अक्षर तरुण वाचतात. मागे माणूस बसणार असेल तर भाराचा आकडा आधी वाचावा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा तो कमी नसावा. रुंद टायर दिसावयास भारदस्त, पण अरुंद रिमवर तो विद्रूप बसतो व वळण बिघडवितो.

शेवटचे चार आकडे जन्मतिथी सांगतात. २४२५ म्हणजे २०२५ सालचा चोविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर कडक होत जाते. बाणाची खूण फिरण्याची दिशा दाखविते, ती बसविणाऱ्यास दाखवून द्यावी. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश जावे.

हवेविषयी दोन शब्द. ती सकाळी, चाके थंड असता मोजावी. वैशाखात तापलेल्या सडकेवर २५ पौंडांची हवा सहज तीसच्या जवळ जाते, म्हणून दुपारी मोजून ती सोडून देणे चूक होय. गिट्टीवर चार-पाच पौंड उतरविल्यास टायर दगडांवर बसतो व पकड वाढते. परंतु फार उतरविल्यास खड्ड्यात रिम आपटून ट्यूब चिमटली जाते, आणि आऱ्यांच्या चाकांत बहुधा ट्यूब असतेच. पुन्हा डांबरावर येण्यापूर्वी हवा भरावी. त्यासाठी लहानसा पंप व मापक गाडीत असू द्यावा. मागे माणूस बसणार असल्यास पुस्तिकेत सांगितलेली वाढीव हवा मागल्या चाकात भरावी.

नागझिऱ्याच्या बाजूस जाणाऱ्यांनी इतके लक्षात ठेवावे की, अभयारण्याच्या आत दुचाकीस मज्जाव आहे. भोवतालच्या जंगलातील सडकेवर सायंकाळनंतर चितळ किंवा रानडुक्कर एकाएकी आडवे येते, आणि तेव्हा उपयोगी पडते ती डांबरावरची पकड.

तेव्हा आमचा निवाडा असा. ह्या घराने सत्तर-तीसच्या जातीचा, मध्यभागी रबर सलग व कडांस ठोकळे असलेला टायर दोन्ही चाकांस एकाच वेळी घालावा. मुलाने हिमालयाचा बेत आखला, तर त्या महिन्यापुरते ठोकळ्यांचे टायर चढवावेत व परत येताच उतरवावेत. वडिलांचे म्हणणे बरेचसे बरोबर, मुलाचेही काही अंशी बरोबर आहे.

परंतु एक गोष्ट पत्रात ओघाने आली आहे, तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. खाचांच्या तळाशी झीज दाखविणारे लहान उंचवटे असतात. ते पृष्ठभागाशी समपातळीत आले म्हणजे टायर संपला. तसे ते ज्येष्ठातच आले होते. कोणता नवा टायर घ्यावा हे ठरेना, म्हणून आषाढाच्या पावसात झिजलेलाच टायर चालला आणि त्यावर आई बसली. ह्यात दोष एकट्या मुलाचा नव्हे व वडिलांचाही नव्हे. दोन मतांच्या मध्ये जुना टायर तसाच राहिला. पुढच्या मृगापूर्वी एखाद्या सकाळी आजोबांनीच अंगणात गाडीजवळ बसून त्या खाचांत बोट घालून पाहावे, आणि उंचवटा लागला तर त्या दिवसापासून गाडीची किल्ली आपल्याजवळ ठेवावी. टायर कोणता, हा वाद मग सावकाश चालू द्यावा.