मूर्ती लहान चालेल, पण पार्ट बाजारातले हवेत!

सुरुवातीलाच एक कबुली. बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ‘संगणक’ लिहिताना मला अजूनही आधी ‘कॉम्प्युटर’च आठवतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या माथी! पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या घरासाठी कॉम्प्युटर घ्यायचा आहे ते घर मराठीतच भांडतं.

घर आमचं भुशीला. धरणाच्या वाटेवर बाबांचा चहा, भजी आणि कणसांचा स्टॉल आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे मिळेल त्यावर वर्ष निघतं. अशा घरात पस्तीस हजारांची वस्तू “घेऊन तर बघू” म्हणून घेतली जात नाही.

पहिला कॉम्प्युटर २०१४ साली आला, मी तिसरीत असताना. टीव्हीखाली मावणारा, सडपातळ, एका नावाजलेल्या कंपनीचा. शेजारीपाजारी बघायला यायचे! गेल्या पावसाळ्यात वीज गेली, आली, परत गेली आणि त्याचा पॉवर सप्लाय उडाला. किरकोळ काम वाटलं. पण तो पॉवर सप्लाय त्या कंपनीच्या स्वतःच्याच मापाचा निघाला. लोणावळ्यात नाही, पुण्यात नाही. एका छोट्या डब्यापायी बाकीचं सगळं धडधाकट मशीन भंगारात!

आजीने एकच विचारलं, “आणि ह्यांचा आवाज?”

आजोबांची भजनं लॉकडाऊनमध्ये मी कॅसेटवरून त्या कॉम्प्युटरवर घेतली होती. नंतर आमच्याकडच्या ओलीने कॅसेटना बुरशी लागली. दुसरी कॉपी नव्हती (इंजिनिअर होणाऱ्या मुलीला शोभतं का? नाही शोभत). मी हार्ड डिस्क काढून बॅगेत टाकली, होस्टेलवर आणली आणि मैत्रिणीच्या पीसीला जोडली. साधी साटा डिस्क, साधी केबल. दोन मिनिटांत आजोबा गायला लागले. फोन स्पीकरवर धरला तेव्हा पलीकडून आजी काहीच बोलली नाही.

माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. जो पार्ट सगळ्या बाजाराच्या मापाचा होता तो वाचला. जो एकाच कंपनीच्या मापाचा होता त्याने घात केला.

आता नवीन घ्यायचाय. होस्टेलवर सल्ल्यांना तोटा नाही! “सरळ लॅपटॉप घे.” बॅटरी असते हे खरं, आणि आमच्या गावात तो मोठा गुण आहे. पण घराला हवा टीव्हीला जोडलेला, सगळ्यांचा मिळून एक. आजीची कीर्तनं, धाकटीचे लेक्चर, आईचे फोटो, बाबांचा हिशेब. त्याच्यासाठी डेस्कटॉप आणि छोटा यूपीएस हेच बरं. दुसरा सल्ला, तळहाताएवढा मिनी पीसी. दिसतो झकास, पण तिथे विचारून घ्या. ॲपलने २००५ साली मॅक मिनी आणून छोट्या डब्याचं वेड लावलं. २०२० पासूनच्या त्यांच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅक मिनीत रॅम चिपच्या पॅकेजमध्येच असते. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर!

मग करायचं काय? मिनी-आयटीएक्स बोर्ड १७ सेंटिमीटर चौरस असतो, मायक्रो-एटीएक्स २४.४ सेंटिमीटर. फरक जेमतेम साडेसात सेंटिमीटरचा. पण मिनी-आयटीएक्सवर एक्सपान्शन स्लॉट एकच, आणि किंमत सहसा जास्त. ज्यांच्या टेबलावर खरंच जागा नाही त्यांनी तो जरूर घ्यावा. आमच्या घरात साडेसात सेंटिमीटर सापडतील, पैसे सापडणार नाहीत. म्हणून मायक्रो-एटीएक्स, छोटी केस आणि प्रमाण मापाचा पॉवर सप्लाय.

प्रोसेसर आतच ग्राफिक्स असलेला घ्या. इंटेलच्या नंबरामागे ‘एफ’ असेल तर ते नसतं. सिनेमासाठी एचईव्हीसी आणि एव्ही१ हार्डवेअरमध्ये डीकोड होतं का, हे बघा. सॉकेटचा इतिहासही बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ च्या अनेक बोर्डांनी बायोस अपडेट करून २०२२ चे प्रोसेसर चालवले. उलट इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०१७ मध्ये आले, सॉकेटचा आकडा ११५१ तोच, पण आदल्या पिढीच्या बोर्डांवर ते चालत नव्हते. अपग्रेड म्हणजे नुसता रिकामा स्लॉट नाही, कंपनीची दानतही!

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस भडकले. म्हणून सध्या एकच स्टिक, दुसरा स्लॉट मोकळा. एका स्टिकने आतलं ग्राफिक्स मंदावतं, गेमवाल्यांना ते जाणवेल, कीर्तनाला नाही. सिस्टिम एसएसडीवर, आणि आजोबा दोन ठिकाणी!

भुशीकरांसाठी आणखी एक. टीव्हीच्या बंद कपाटात डबा कोंबू नका. छोट्या केसमध्ये गरम हवेला वाट कमी, त्यात आमची ओल. मागे चार बोटं जागा सोडा, आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा.

परवा बाबांबरोबर दुकानात गेले. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं बाबांकडे बघून देत होता! त्याने काचेची केस दाखवली, आत रंगीत दिवे. मी विचारलं, “उद्या ह्याचा पॉवर सप्लाय गेला तर दुसरा कुठला बसेल?” तो थांबला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, “कुठलाही एटीएक्स बसेल, ताई.” उत्तर बरोबर होतं. दिव्यांचे पैसे मात्र आम्ही वाचवले.

तुम्हीही घ्यायला जाल. गिगाहर्ट्झ नंतर विचारा, हा प्रश्न आधी विचारा. उत्तर देताना दुकानदार अडखळला, तर दुकान बदला!

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी