काळी चार, पांढरी पाच आणि आपली समीक्षा

तारांचे जंजाळ, लुकलुकणारे दिवे आणि त्यांतून निघणारे चमत्कारिक आवाज; याला संगीत का म्हणावे? मॉड्युलर सिंथेसायझरचा विषय निघाला की साहित्याच्या अभ्यासकांतही हाच प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न निरागस दिसतो. आमच्या मते तो आळशी आहे.

1960 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत दोन माणसे जवळजवळ एकाच वेळी एकाच कल्पनेपाशी पोहोचली. विद्युतदाबाने ध्वनीचे नियंत्रण करायचे आणि सुटे घटक तारांनी हवे तसे जोडायचे, ही ती कल्पना. रॉबर्ट मूग यांनी आपल्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या जोडल्या. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबोटनिक आणि रॅमन सेंडर यांच्यासाठी यंत्र घडवणाऱ्या डॉन बुकला यांनी मात्र त्या नाकारल्या आणि स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या पट्टिका बसवल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोर आल्या की बोटे जुनेच संगीत वाजवू लागतात, हे त्यांनी ओळखले होते. 1967 साली याच यंत्रावर सबोटनिक यांची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ ही रचना थेट ध्वनिमुद्रिकेसाठी घडली. 1968 मध्ये मूगच्या यंत्रावरील ‘स्विच्ड-ऑन बाख’ अफाट लोकप्रिय झाली. तिचे कौशल्य आम्हांस मान्य आहे. परंतु नव्या वाद्याने जुनी रचना वाजवली तेव्हाच लोकांनी त्याला वाद्य मानले, हे विसरता येत नाही.

मराठी श्रोत्याला हा वाद परका वाटण्याचे कारणच नाही. पेटीच्या ठरीव पट्ट्यांत मींड आणि श्रुती मावत नाहीत, म्हणून आकाशवाणीवर 1940 पासून तीन दशके पेटीला बंदी होती. बंदी चूक होती, असे आम्हांस वाटते; पण तिच्यामागील शंका खरी होती. वाद्य हे निर्विकार साधन नसते. ते एक व्याकरण असते.

शिवाय हा इतिहास केवळ परदेशचा नाही. 1969 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला, तो डेव्हिड ट्यूडर यांनी उभारला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी 1972 पर्यंत तेथे रचना केल्या. त्या फिती पुढे दशकानुदशके अभिलेखागारात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकार-संशोधकाने त्या उजेडात आणल्या आणि 2023 मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. साठोत्तरी आधुनिकतेवर आपण किती व्याख्याने दिली! त्यांत या फितींना जागा नव्हती. ऐकायला कानच नव्हते, असे म्हणणे अधिक प्रामाणिक.

नवे मॉड्यूल विकत घेतले की प्रयोग झाला, असे मानणारे हौशी संग्राहकही आहेत. त्यांची बाजू आम्ही घेत नाही. अपरिचित आवाज म्हणजे आपोआप नवा अर्थ नव्हे. मोडक्या ओळी म्हणजे आपोआप नवकविता नव्हे, तसेच हे. पण हा विवेक ऐकल्यानंतर करायचा असतो, ऐकण्याऐवजी नव्हे.

आपल्या वर्गांतही एक पेटी आहेच. कथानक, पात्रे, वातावरण, भाषाशैली : या चार पट्ट्यांवर जे वाजते ते साहित्य, उरलेले ‘दुर्बोध’. गुणपत्रिकेच्या सोयीसाठी आम्हीही तीच वर्षानुवर्षे वाजवली. विद्यार्थ्यांचे कान आम्हीच घडवतो, म्हणून दोषही आमचाच. नव्या कृतीला आपली पट्टी विचारण्यापूर्वी तिची स्वतःची जोडणी कशी आहे, हे तरी आपण पाहणार आहोत की नाही?