विवरणपत्रावर सही कोणाची?

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचा हंगाम आला म्हणजे आपल्या पेठांतून एक ठराविक देखावा दिसू लागतो. वर्षभर फळीवर पडलेली रोजकीर्द, बँकेची उतारपत्रे, बिलांची पुडकी आणि विम्याच्या पावत्या एका पिशवीत कोंबून दुकानदार करसल्लागाराच्या कचेरीची पायरी चढतो. पिशवी मेजावर ठेवतो. आणि “काय ते तुम्हीच पाहा साहेब, कर तेवढा कमी बसला पाहिजे,” एवढे बोलून मोकळा होतो. विवरणपत्र तयार होते, रवाना होते, आणि ज्याच्या नावाने ते गेले त्याने त्यांतील एक ओळही वाचलेली नसते. घरची सोयरीक दहा ठिकाणी चौकशी केल्याविना न करणारा आणि मालाच्या गाडीत एक पोते कमी आले तर चार पत्रे लिहिणारा हा मनुष्य आपल्या वर्षाच्या कमाईची प्रतिज्ञापूर्वक जबानी मात्र डोळे मिटून देतो. ही चाल घातक आहे व ती सोडली पाहिजे, हे आज आम्हांस आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

सल्लागाराकडे जाऊच नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली या देशांत प्राप्तिकर आणला. त्यानंतर १८८६, १९२२ व १९६१ असे कायदे होत गेले. आणि १९६१ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२५ साली नवा कायदा संमत होऊन १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरला. इतक्या स्थित्यंतरांतून वाढलेले हे शास्त्र पहाटे दुकान उघडून रात्री बंद करणाऱ्याने स्वतः शिकावे, ही अपेक्षा व्यर्थ होय. आजाऱ्याने वैद्याकडे जावे आणि पक्षकाराने वकिलाकडे, तसे करदात्याने जाणत्या सल्लागाराकडे जावे हेच योग्य. प्रश्न एवढाच, की त्याच्याकडे काय मागण्यास जावे?

चांगला सल्लागार काय करतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लहान व्यापाऱ्यास बारीकसारीक हिशेबाच्या जाचांतून सोडविण्यासाठी उलाढालीवरून नफ्याचा अंदाज धरण्याची सोय कायद्याने ठेविली आहे. रोखीने आलेल्या रकमेवर ८ टक्के आणि बँकेच्या वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरावा, असा तिचा सांगाडा आहे. समजा, एका किराणा दुकानाची वर्षाची उलाढाल ९० लाखांची असून त्यांतील ६० लाख बँकेमार्फत व ३० लाख रोखीने आले. पहिल्यावर ३ लाख ६० हजार, दुसऱ्यावर २ लाख ४० हजार, मिळून ६ लाख रुपये उत्पन्न झाले. प्रत्यक्ष नफा याहून अधिक असेल, तर अर्थातच तो अधिक दाखविला पाहिजे. आता २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर, सुटीचा हिशेब धरता, कर शून्य येतो. मात्र ४ लाखांची मर्यादा ओलांडल्यामुळे विवरणपत्र भरणे सुटत नाही. म्हणजे या दुकानदाराने सरळ मार्गाने खरे तेच सांगितले असता त्याला एक पैही द्यावी लागत नाही! ही अंदाजी सोय एकदा घेऊन मध्येच सोडल्यास ती पुढे ५ वर्षे मिळू नये, असे बंधन १९६१ च्या कायद्याने घातले होते. अशा खाचाखोचा वेळीच सांगणे हे सल्लागाराचे खरे काम. असा मनुष्य गावांत असणे हे त्या गावचे भाग्य होय, आणि त्याची फी देताना घासाघीस करणे हा कद्रूपणा होय.

परंतु याच धंद्यांत दुसरा एक वर्ग शिरला आहे. तो सल्ला विकत नाही, परतावा विकतो. ‘इतके हजार परत मिळवून देतो, त्यांतील अमुक टक्के माझे,’ हा त्याचा करार. मग न दिलेल्या देणग्या, न भरलेले विम्याचे हप्ते, न घेतलेली कर्जे आणि न राहिलेल्या घरांची भाडी विवरणपत्रांत अवतीर्ण होतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक प्रांतांत मिळून १५० ठिकाणी तपासणी केली, ती अशाच मंडळींची. राजकीय पक्षांस देणग्या दिल्याच्या खोट्या वजावटीही त्यांत निघाल्या. काही ठिकाणी विवरणपत्रे भरण्यापुरता नवा ईमेल पत्ता काढावयाचा व काम झाले की तो टाकून द्यावयाचा, अशी युक्ति आढळली. अर्थात खात्याची नोटीस आली तरी ती वाचणारा कोणी उरत नसे. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असे खात्यानेच त्या वेळी जाहीर केले. हे ४० हजार लोक सारेच लबाड होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांतील पुष्कळांनी आपल्या नावावर काय लिहिले गेले हे वाचलेच नसावे, असाच आमचा तर्क आहे.

कोणी म्हणेल, “मी भरले नाही, सल्लागाराने भरले, शिक्षा व्हावयाची तर त्यास व्हावी.” कायद्यापुढे ही सबब लंगडी ठरते. विवरणपत्र कोणीही तयार करो, त्यांतील मजकूर खरा असल्याची ग्वाही देणारा करदाता असतो. आणि ज्या सहा आकडी संकेतास लोक ओटीपी म्हणतात, तो सल्लागारास दूरध्वनीवर वाचून दाखविणे म्हणजेच आजच्या काळांत सही करणे होय. उत्पन्न चुकीचे दाखवून कर बुडविल्याचे ठरल्यास बुडविलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंडाची तरतूद आहे. मूळ कर व व्याज त्याखेरीज. परताव्यांतील आपला हिस्सा घेऊन सल्लागार पुढच्या गल्लीत बस्तान हलवितो. दंडाची मागणी मात्र दुकानाच्या पत्त्यावर येते.

याहून एक दुःखद प्रकार आहे आणि त्याविषयी उघडपणे बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पुष्कळ घरांत दुकान, गाळा वा ठेवी पत्नीच्या नावाने असतात आणि तिच्या नावाचे विवरणपत्रही दरसाल जाते. परंतु आपले उत्पन्न किती दाखविले गेले, हे तिला कोणी सांगत नाही. पॅन तिचे, सही तिची, दंड झाल्यास तोही तिचाच. अधिकार मात्र कशावरच नाही. पतीने पुरेशा मोबदल्याविना पत्नीस दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्याच उत्पन्नांत धरावे, असा नियम आहे. म्हणजे ज्या कर वाचविण्याच्या लोभाने हे केले जाते तो लोभही बहुधा फसतो. जी स्त्री घरचा खर्च पैपैने जुळविते तिला चार आकडे समजणार नाहीत, असे म्हणणे हा शुद्ध अहंकार आहे. तिच्या नावाचा कागद तिला वाचून दाखवावा व पटला तरच तिने सही करावी. यांत कोणाचा मान जातो?

उत्पन्न लपविणाऱ्यांस आम्ही आणखी एक गोष्ट विचारतो. बँकेकडे कर्जासाठी गेल्यावर ती प्रथम मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. घरचा कर्ता रस्त्यावरील अपघातांत गेला, तर भरपाई ठरविताना न्यायाधिकरण त्याच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून विवरणपत्रावर मोठा भर देते. जन्मभर कमी दाखविलेले उत्पन्न त्या दिवशी एकाएकी अधिक होत नाही. वाचविलेल्या थोड्या कराची भरपाई मागे राहिलेल्या विधवेने व मुलांनी करावी, हा कोणत्या खातेवहीतला नफा?

करचुकवेगिरीस देशाभिमानाचे कवच घालण्याची एक जुनी खोड आपल्यांत आहे, तिचाही विचार केला पाहिजे. परक्या सरकारने आपणांस न विचारता कर बसविले व ते आपल्या सोयीने खर्च केले. १८७८ साली व्यापाऱ्यांवर लायसन्स टॅक्स बसला तेव्हा सुरतेस दंगा झाला. आणि या देशाचा पैसा बाहेर कसा वाहून जातो याचा हिशेब दादाभाई नौरोजींनी जगापुढे मांडला. त्या काळची चीड न्याय्य होती. पण कायद्याच्या अधिकाराविना कोणताही कर बसविता वा वसूल करता येणार नाही, असे आज आपल्या संविधानाचे २६५ वे कलम सांगते आणि तो कायदा आपण निवडलेले लोक करतात. कर जाचक वाटला तर सभा भरवा, अर्ज करा, प्रतिनिधीस जाब विचारा. खोटी पावती हा निषेध नव्हे. पैशाचा हिशेब सरकारकडे ताठ मानेने मागावयाचा, तर आपला हिशेब आधी स्वच्छ हवा.

सरकारची बाजूही निर्दोष नाही. लहान करदात्यांच्या साह्यासाठी पदवीधरांस शिक्षण देऊन विवरणपत्र-साहाय्यक नेमण्याची योजना २००६ साली निघाली. फी माफक ठेविली, आणि साहाय्यकाचे नाव विवरणपत्रांत लिहिण्याची सोय केली. कल्पना उत्तम होती, पण पेठेतील बहुसंख्य लोकांपर्यंत ती पोचली नाही. सनदी लेखापालांस १९४९ च्या कायद्याची शिस्त आहे, वकिलांस त्यांच्या सनदेची आहे. पण नुसते विवरणपत्र भरून देण्याचे दुकान कोणीही उघडू शकतो. मोबदला घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी व्हावी, त्याचे नाव त्या विवरणपत्रावर यावे, परताव्याच्या टक्केवारीने फी घेण्यास बंदी व्हावी, आणि उत्पन्न, वजावट, कर व परतावा या चार आकड्यांचा गोषवारा करदात्यास त्याच्या मातृभाषेंत मिळाल्यावाचून सही घेतली जाऊ नये, अशी आमची मागणी आहे. प्रामाणिक सल्लागारांनीच ती आधी उचलून धरावी. कारण लबाडाच्या स्पर्धेत पहिला बळी त्यांच्याच धंद्याचा जातो.

कायदा सुधारेपर्यंत वाचकांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. खात्याच्या संकेतस्थळावर दूरध्वनी व ईमेल आपलाच नोंदवावा. परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती कायमचा ठेवू नये. फीची पावती व विवरणपत्राची प्रत घरी ठेवावी. मागे काही खोटे गेले असेल, तर २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची वाट मोकळी असून २०२५ साली तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविली आहे. जितका उशीर तितका जादा कर, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत, म्हणून त्या वाटेने लवकर जाणेच शहाणपणाचे. आणि प्रत्येक शहराच्या व्यापारी मंडळाने वर्षांतून चार संध्याकाळी विवरणपत्र वाचण्याचा वर्ग चालवावा. त्यांत दुकानदाराबरोबर त्याची पत्नी, मुलगा व मुलगी यांनीही बसावे.

ज्याच्या वहीवर गिऱ्हाइकाचा विश्वास असतो त्याचे दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालते, हे आमच्या व्यापाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. तीच नीति विवरणपत्रास लावावयाची आहे. लिहिणारा हात सल्लागाराचा असो. वाचणारे डोळे मात्र ज्याची सही त्याचेच असले पाहिजेत.