बाबासाहेबांचे छंद

बाबासाहेबांना आपण नेते म्हणून ओळखतो. घरातले बाबासाहेब आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे ग्रंथांना जागा हवी म्हणून त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली कायदामंत्रिपद सोडले. आणि एवढ्या धकाधकीतही उतारवयात ते व्हायोलिन शिकले!

हे सारे आठवले ते एका प्रश्नाने. जयंतीच्या वर्गणीसाठी आम्ही वस्तीत फिरत होतो. एका ताईंनी विचारले, "दादा, डीजेला पैसे निघतात, मग पोरांच्या पुस्तकांना का निघत नाहीत?" पावतीपुस्तक आमच्याच हातात होते. उत्तर मात्र नव्हते.

गाणे हवेच, भीमगीतांनीच आपल्या आयाबायांपर्यंत चळवळ पोचवली. पण पेटी-ढोलकीवर म्हटलेल्या गाण्याला डीजे लागत नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर मुलांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, संसदेत काय चालले आहे यावर मोठ्यांनी बोलावे, शेवटी एक गीत व्हावे. याला खर्च तो किती?

यंदाच्या जमाखर्चात पुस्तकांचा रकाना आम्ही सर्वांत वर आखला आहे. तुमच्या मंडळानेही आखावा.

जयभीम!