आधी घरचा पेला

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांत पहाटे धारा निघतात आणि किटल्या डेअरीकडे चालू लागतात. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर मुलांच्या फिया भागतात, दवाखाना भागतो. त्या पगाराचे मोल आम्ही जाणतो. पण ज्या घरातून रोज वीस लिटर दूध बाहेर जाते, त्या घरातल्या गर्भार सुनेच्या वाट्याला चहातले दोन घोट दूध येत असेल, तर हा हिशेब चुकला आहे, हे बोललेच पाहिजे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास हाती घेतला. शेतात राबणाऱ्या या बायांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो, बाळांचे सुमारे २.७ किलो. याच अभ्यासातून शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेला निष्कर्ष प्रत्येक सासूने ऐकावा असा आहे. आईच्या पोटात एकूण किती उष्मांक आणि प्रथिने गेली, याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध दिसला नाही. ज्या आया पालेभाज्या आणि फळे वारंवार खात, दूध घेत, त्यांची बाळे मोठी होती. म्हणजे भाकरीने पोट भरले तरी बाळाला हवे ते पोचतेच असे नाही.

ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी भरले होते ते स्नायू. शिवाय साठ टक्क्यांहून अधिक मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. चाळिशीत दारी येणाऱ्या मधुमेहाची वाट अशी आईच्या ताटापासून सुरू होऊ शकते. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. मांस-मच्छी-अंडी न खाणाऱ्या बाईला ते मिळण्याची घरातली जागा म्हणजे दूध, दही, ताक. तेच आपण फॅट लावून विकतो.

पालेभाजीचेही तसेच. बांधावरचा तांदुळजा, पाथरी, घोळ खुरपताना ओट्यात यायची. आता उसात तणनाशक फिरते आणि तणाबरोबर फुकटची भाजीही जाते. मेथी, शेपू पिकते ती जुड्या बांधून पुण्याच्या बाजारात. घरी मात्र दुपारी चहा-बिस्किटांवर भागते. जेवणावर लगेच घेतलेला चहा भाकरीतले लोहही अंगी लागू देत नाही.

हे अडाणीपणातून होत नाही. पैसा दिसतो, बाईचा अशक्तपणा दिसत नाही. आणि सर्वांत शेवटी जेवणारी ती असते. म्हणून गावोगावच्या दूध संस्थांना आमची सूचना आहे: गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी रोज अर्धा लिटर दूध घरीच ठेवायचे, असा ठराव वार्षिक सभेत करा. किटली भरणाऱ्या हाताने आधी तो पेला भरायचा. पगारातून जे कमी होईल त्याची तक्रार घरधन्याने करू नये, आणि सासूने तो पेला सुनेच्या हाती स्वतः द्यावा.